दुबईच्या बँकेचे वसुलीवाले गावात बापाला फोन करायलेत, काय करावं?

दुधनाकाठचा (मंगळवार, रात्री ९:४०)

राम राम मंडळी. आजवर इथं नुसतं वाचायलो होतो, आज लिहायची पाळी आली.

गाव सेलू तालुक्यात. एसी-डक्टिंगचं काम करतो. २०१४ ला दुबईला गेलो, २०२३ च्या दिवाळीनंतर कायमचा परत आलो. पगार ४,५०० दिरहम होता. बहिणीचं लग्न आणि विहिरीची पाईपलाईन यासाठी २०२१ च्या उन्हाळ्यात तिथल्या एका बँकेकडून ७०,००० दिरहम पर्सनल लोन उचललं, ४८ हप्त्यांचं. २२ हप्ते एक दिवस न चुकता गेले. मग कंपनीनं चार महिने पगारच दिला नाही, मालक म्हणायचा पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात, आणि एक दिवस ऑफिसला कुलूप. व्हिसा कॅन्सल, तिकीट हातात. बँकेला जाऊन सांगितलं होतं, पण काउंटरवरच्या पोरानं नुसती मान हलवली.

माझ्या हिशेबानं ४१,००० च्या आसपास मुद्दल राहिलं. बुडवायचं मनात कधीच नव्हतं. इथं येऊन सेलूत दुकान टाकावं आणि फेडावं असा बेत होता, पण दोन वर्षं पोटालाच पुरंना.

आता मूळ गोष्ट. गेल्या महिन्यापासून दिल्लीकडच्या नंबरांवरून फोन यायलेत. मी उचलला नाही की बापाला. लोनच्या फॉर्मवर गावाकडचा एक नंबर मागतात, तिथं मी अण्णांचा दिला होता. परवा आमच्याकडं सोयाबीनची मळणी चालू होती. अण्णांचे दोन्ही हात भुसकटानं भरलेले, म्हणून त्यांनी गड्याला फोन लावून धरायला सांगितला, त्यानं स्पीकर ऑन केला. "आपके लडके का अरेस्ट वारंट निकला है, पूरे गाँव के सामने उठाएंगे." मळणीयंत्र बंद झालं. खळ्यावर अकरा माणसं होती. अण्णांनी काही विचारलं नाही मला, नुसतं म्हणाले, "किती हायत?"

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर एक कागद आला. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, "जिल्हा न्यायालय परभनी". कलम आयपीसी ४२०. सही "चीफ रिकव्हरी मॅजिस्ट्रेट". मागणी १,१८,००० दिरहम. आणि शेवटी, दोन तासांत ४९,५०० रुपये "स्टे फी" या यूपीआयवर भरा.

रात्री झोप लागंना. कोणाला अनुभव असल तर सांगा.

काळीमाती (मंगळवार, रात्री ९:५८)

भाऊ, पहिलं काम: यूपीआयवर एक रुपयाबी टाकू नका. टाकला असल तर आत्ता १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, धागा नंतर वाचा.

"चीफ रिकव्हरी मॅजिस्ट्रेट" असं पद या देशात नाही. आणि परभणीच्या कोर्टाला परभणी लिहिता येतं.

बिनधास्त_बाप्पा (मंगळवार, रात्री १०:१५)

काय लोड घ्यायलास लेका. सिम बदल, झोप. माझा मावसभाऊ २०१२ ला अडीच लाख दिरहम ठेवून आला, आज लातुरात प्लॉटिंग करतो. तिकडची बँक इकडं येऊन काय उपटणार? कायदा त्यांचा तिकडं, आपला इकडं.

दुधनाकाठचा (मंगळवार, रात्री १०:२२)

पैसे टाकले नाहीत. आयपीसीवरून मलाबी शंका आली, ती जुनी दंड संहिता, आता तर बीएनएस (भारतीय न्याय संहिता) आहे ना? म्हणजे कागद खोटाच ना?

अ‍ॅड_गंगाखेड (मंगळवार, रात्री ११:३५)

कोर्टाच्या तारखा आटपून आत्ता बसलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कागद खोटा आहे, पण आयपीसी लिहिलंय म्हणून नव्हे. बीएनएस १ जुलै २०२४ पासून लागू झालं. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला आजही आयपीसीच लागतो. ओळखायची खरी खूण वेगळी. आपल्याकडच्या प्रत्येक खटल्याला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की खटला, तारीख, पक्षकार सगळं दिसतं. तुमच्या कागदावर सीएनआर नाही. कोर्टाचं वॉरंट व्हॉट्सॲपवर एजंट पाठवत नाही आणि "स्टे" यूपीआयवर मिळत नाही.

आता बाप्पांच्या मुद्द्यावर. २०१२ ला ते बऱ्याच अंशी खरं होतं, आज नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ४४-अ असं आहे की केंद्र सरकारनं राजपत्रात जाहीर केलेल्या देशांच्या वरिष्ठ कोर्टांचा पैशाचा हुकूमनामा इथल्या जिल्हा न्यायालयात दाखल करून थेट अंमलात आणता येतो, जणू इथल्याच कोर्टानं दिलाय. ब्रिटन, सिंगापूर त्या यादीत फार पूर्वीपासून आहेत. यूएई १७ जानेवारी २०२० ला आलं. दुबई कोर्ट, अबुधाबी, शारजा, सगळी. म्हणजे दुबईच्या बँकेनं तिथं निकाल मिळवला तर त्याची प्रमाणित प्रत घेऊन ती परभणीच्या जिल्हा न्यायालयात उभी राहू शकते. राहीलच असं नाही, खर्च असतो, पण राहू शकते.

राहिली तरी दुसऱ्या दिवशी पोलीस येत नाहीत. आधी ऑर्डर २१ नियम २२ खाली तुम्हाला नोटीस निघते, ती घेऊन बेलीफ घरी येतो. तुम्हाला कलम १३ खाली हरकत घेता येते: त्या कोर्टाला अधिकार नव्हता, निकाल गुणावगुणावर नव्हता, तुमचं म्हणणं मांडायची संधीच मिळाली नाही, फसवणुकीनं मिळवला, वगैरे. पुरावा न तपासता नुसता गैरहजर म्हणून दिलेला निकाल गुणावगुणावरचा नाही, म्हणून तो इथं चालत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २००१ मध्ये इंटरनॅशनल वूलन मिल्सच्या प्रकरणात म्हटलंय. पण यावर विसंबून खरं समन्स टाळू नका. दुबईहून खरं समन्स आलं तर तेही इथल्या कोर्टामार्फत, बेलीफच्या हातून येतं. १९९९ च्या भारत-यूएई कराराखाली तशी सोय आहे. ते आलं की वकील गाठा.

अटकेचं काय? कर्ज थकणं हा दिवाणी मामला. दिवाणी कैद कायद्यात आहे, पण ऐपत असून मुद्दाम न देणाऱ्यालाच. हे १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस निकालापासून पक्कं आहे. चेकचं म्हणाल तर यूएईत पूर्वी चेक न वटला की सरळ फौजदारी व्हायची. २ जानेवारी २०२२ पासून, खात्यात पैसे नव्हते एवढ्या कारणावर सहसा फौजदारी होत नाही, त्याऐवजी चेकच थेट अंमलबजावणीच्या कोर्टात नेता येतो. कोऱ्या चेकवर सही करून दिली होती का, ते आठवा. आणि प्रत्यार्पणाचा बाऊ करणाऱ्यांसाठी: भारत-यूएई प्रत्यार्पण करारानुसार आपापल्या नागरिकाला दुसऱ्या देशाच्या हवाली करत नाहीत. गुन्हा असेलच तर खटला इथं चालतो.

मुदतीचं उद्या लिहितो, झोप आली.

बँकेत_३१_वर्षं (बुधवार, सकाळी ६:५०)

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी हिशेब सांगतो. आयुष्य वसुलीच्या फायलींत गेलं, म्हणून एजंटची जात ओळखतो.

४१ हजाराचे १ लाख १८ हजार कसे झाले ते त्याला विचारा. तो सांगणार नाही, कारण त्यालाही माहीत नसतं. अशी जुनी खाती यादीनं, टक्केवारीवर एजन्सीला दिली जातात. त्याचं कमिशन तुमच्या भीतीवर आहे. म्हणून त्याच्याशी वाटाघाटी करण्यात अर्थ नाही. बँकेशी करा. बँकेच्या वेबसाइटवरच्या तक्रार विभागाला ईमेल करा आणि तीन गोष्टी मागा: पहिल्या दिवसापासूनचं खात्याचं स्टेटमेंट, आजचं लायबिलिटी लेटर (आज किती बाकी आहे त्याचं पत्र), आणि अमुक एजन्सीला तुम्ही वसुलीचे अधिकार दिलेत का याचं लेखी उत्तर.

एक विचारतो. नोकरी सुटली तेव्हा ग्रॅच्युइटी मिळाली का? पगाराचं खातं असलेल्या बँकेकडं लोन असेल तर शेवटचा हिशेब जमा झाला की बँक तो लोनमध्ये वळती करून घेते. यूएईत पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार आणि पुढं ३० दिवसांचा, असा ग्रॅच्युइटीचा हिशेब असतो. नऊ वर्षांची रक्कम लहान नसते. एजंटच्या आकड्यात ती वजा दिसणार नाही. शिवाय बऱ्याच कर्जांना विमा चिकटवलेला असतो, तो कशाकशाला लागू आहे ते कागदात बघा.

भारतातल्या बँकांच्या एजंटांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये मनाई केली. तुमची बँक तिकडची, त्यामुळं रिझर्व्ह बँकेकडं तक्रार करून फारसं हाती लागेल असं वाटत नाही. धमकीला मात्र पोलीस स्टेशन आहेच.

काळीमाती (बुधवार, सकाळी ७:३०)

साहेब, भीतीवर कमिशन हे आमच्या बीडकराला शिकवावं लागत नाही. मुकादमाकडून उचल घेतलेला कोयत्यावरचा (ऊसतोडीचा) माणूस विचारा. उचल किती, फिटली किती, राहिली किती, हे तीन आकडे कधीच एका कागदावर नसतात. माझ्या चुलत्यानं सहा पट्टे (ऊसतोडीचे हंगाम) मारले तरी मुकादमाच्या वहीत बाकी तेवढीच. शेवटी वहीच मागितली, तेव्हा गडी नरमला. म्हणून म्हणतो, फोनवर बोलू नका, वही मागा.

रेणापूरची_सून (बुधवार, सकाळी १०:०५)

आमच्याकडे फोन मला येतात. मिस्टर सौदीहून गेल्या वर्षी परतले, तिथल्या क्रेडिट कार्डाची बाकी आहे. तो माणूस मला "भाभीजी" म्हणून सुरू करतो आणि तिसऱ्या वाक्याला शिव्यांवर येतो. माझे मुलीसोबतचे फोटो माझ्याच फेसबुकवरून उचलून मला पाठवले, खाली लिहिलं "फॅमिली ऑफ चोर". सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

सौदीलाही ते ४४-अ लागतं का?

अ‍ॅड_गंगाखेड (बुधवार, दुपारी २:१०)

ताई, सौदी त्या यादीत नाही. अमेरिकाही नाही. तिथल्या निकालावर इथं नव्यानं दावा लावावा लागतो, तोही निकालाच्या तारखेपासून ३ वर्षांत. म्हणजे काम जास्त लांबचं.

तुमचं दुखणं वेगळं आहे आणि ते कर्जापेक्षा गंभीर. सगळे स्क्रीनशॉट ठेवा, तारीख-वेळ दिसेल असे. सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार करा आणि लातूरच्या सायबर ठाण्यात लेखी द्या. धमकीला बीएनएस ३५१, बदनामीला ३५६, पैसे उकळण्यासाठी भीती घातली तर ३०८. पोलीस बनून बोलत असेल तर २०४. ठाण्यात "हे तुमचं पैशाचं भांडण" म्हणून परत पाठवायला बघतील, तेव्हा कर्जाचा विषय काढूच नका. फोटो आणि शिव्या पुढं करा. बाईंना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा १५१०० वर विचारा.

आता कालचं राहिलेलं. दुधनाकाठ, मूळ कर्जाच्या करारावर बँकेला इथंच दावा टाकायचा झाला तर आपला मुदत कायदा लागतो, म्हणजे ३ वर्षं. पण तुम्ही भारताबाहेर होतात तो काळ त्यात धरत नाहीत, कलम १५(५). लोक हे विसरतात आणि "तीन वर्षं झाली, सुटलो" म्हणतात. तुमची मोजणी परत आल्यापासून. दुसरं, मुदतीच्या आत सही करून लेखी कबुली दिली किंवा थोडे पैसे भरले की मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून एजंट "फक्त पाच हजार टाका, फाईल बंद ठेवतो" म्हणतो. ईमेलमध्ये "मी इतके देणं लागतो" असं लिहू नका. "ही चौकशी आहे, कबुली नाही, सर्व हक्क राखून" एवढी ओळ टाका.

बिनधास्त_बाप्पा (बुधवार, दुपारी ३:००)

म्हणजे शेवटी वकीलसाहेबबी मुदत संपायची वाट बघा म्हणायलेत. मी वेगळं काय म्हणलो?

अ‍ॅड_गंगाखेड (बुधवार, दुपारी ३:२५)

मी हक्क सांगितले. फेडावं की नाही हे मी त्यांना सांगणार नाही, तेही त्यांनी विचारलेलं नाही.

शारजा_टू_शिरूर (बुधवार, रात्री ८:४५)

बाप्पा, तुमच्या मावसभावाला परत दुबईला जायचं नसल तर ठीक. माझ्या साडूला जायचं होतं. नवीन कंपनी, नवीन व्हिसा, पाकीट भरून निघाला, विमानतळावर शिक्का मारणाऱ्यानं पासपोर्ट ठेवून घेतला. पाच वर्षांपूर्वीची कार्डाची केस. दोन दिवस आत, मग भावकीनं वर्गणी काढून भरले तेव्हा सुटका. ही २०१९ ची गोष्ट. आता कायदा बदलला तरी तिथल्या कोर्टाचा ट्रॅव्हल बॅन असतोच.

दुधनाकाठ, तुमच्याकडं जुना एमिरेट्स आयडी नंबर असल तर दुबई पोलिसांच्या ॲपवर आर्थिक केस आहे का ते फुकट बघता येतं. फक्त दुबईपुरतं. अबुधाबीला त्यांच्या कोर्ट खात्याची "इस्तफसर" नावाची सोय आहे. एजंटनं "केस चेक करून देतो" म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

पाथरीकर (बुधवार, रात्री ९:२०)

अण्णांची जमीन जाईल का हा प्रश्न कोणी घेतलाच नाही. आमच्या गावात असाच फोन आला आणि म्हातारा घाबरून सातबारा घेऊन तलाठ्याकडं पळाला.

अ‍ॅड_गंगाखेड (बुधवार, रात्री १०:००)

चांगला प्रश्न. बाप जामीनदार नसेल तर मुलाच्या कर्जाला बाप बांधील नाही. जमीन अण्णांनी स्वतः कमावलेली असेल तर विषय संपला. वडिलोपार्जित असेल तर मुलाच्या हिश्शापर्यंत जप्ती पोचू शकते, पण ती हुकूमनामा झाल्यावर, कोर्टामार्फत. शेतकऱ्याचं राहतं घर, अवजारं, बैल, बियाणं यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० चं संरक्षण आहे. घाईघाईनं जमीन बायकोच्या किंवा भावाच्या नावावर करू नका, ती धनकोला चुकवण्यासाठी केली म्हणून तोच व्यवहार उलटा अंगावर येतो.

एजंट म्हणतो पासपोर्ट रद्द करू, सिबिल खराब करू. सिबिलला माहिती भारतातल्या सभासद बँका आणि वित्तसंस्था देतात. दुबईच्या एजंटच्या हातात ते नाही, पासपोर्ट तर नाहीच.

बँकेत_३१_वर्षं (गुरुवार, सकाळी ६:४०)

एक भीती आहे ती बोलून टाकतो. तडजोड ठरली की माणूस रक्कम गोळा करायला सावकाराकडं जातो. महिना पाच टक्क्यानं. दुबईच्या बँकेचं मिटतं आणि सेलूच्या माणसाचं सुरू होतं, आणि तो फोन करत नाही, दारातच बसतो. परवाना नसलेली सावकारी २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडं. पण तिथं जायची वेळ येऊ देऊ नका. हप्ते मागा. लांबचे मागा.

दुधनाकाठचा (रविवार, पाच आठवड्यांनी, रात्री ९:१०)

सगळ्यांना उत्तर द्यायचं राहिलं, माफ करा. काय झालं ते सांगतो.

ठाण्यात एनसी (अदखलपात्र तक्रार) नोंदवली. हवालदार आधी हसले, कागदावरचं "परभनी" दाखवलं तेव्हा त्यांनीच फोटो काढून घेतला. नंबर संचार साथी या सरकारी पोर्टलच्या 'चक्षू' तक्रार सोयीवर टाकले. फोन चार दिवस वाढले, मग थांबले.

बँकेला तीन ईमेल गेल्यावर स्टेटमेंट आलं. १९ पानं. सतराव्या पानावर एक ओळ होती: १४,३०० दिरहम जमा, त्याच दिवशी लोनला वळते. माझी ग्रॅच्युइटी. मला वाटायलं होतं कंपनीनं दिलीच नाही. म्हणजे मुद्दल २६,७०० राहिलं. व्याज धरून बँक ३३ हजाराच्या वर म्हणाली. आणि गंमत म्हणजे तो फोनवाला ज्या एजन्सीचं नाव घ्यायचा तिला आम्ही काही दिलेलं नाही, असं बँकेनं लेखी दिलं. मग माझा नंबर, अण्णांचा नंबर, कर्जाची रक्कम त्याच्याकडं कुठून गेली, त्याचं उत्तर कोणी देईना.

वकीलसाहेबांना भेटूनच पुढं बोललो (फी घेतली नाही, सोयाबीनचं पोतं नेलं तर रागावले). ठरलं ते असं: २२,००० दिरहम, ११ हप्ते, एक चुकला तरी तडजोड मोडत नाही अशी ओळ घालून घेतली. पैसे इथल्या बँकेतून ए-टू फॉर्म (परदेशात पैसे पाठवायचा) भरून सरळ तिथल्या माझ्या लोन खात्यात. शेवटच्या हप्त्यानंतर क्लिअरन्स लेटर आणि सिक्युरिटी चेक परत. हे सगळं बँकेच्या लेटरहेडवर आल्यावरच सही केली.

अण्णांना कागद वाचून दाखवला. दिरहम त्यांना कळत नाही. म्हणाले, सोयाबीनमध्ये सांग. दिरहम २४ रुपये धरला, २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८. ९९ क्विंटल झालं. आमच्या तीन एकराला बरं साल असल तर वीस-बावीस होतं, यंदा पावसानं तेही नाही. अण्णा म्हणाले, "हमीभाव धरू नको. मोंढ्यातला धर."

तो धरला नाही मी. दुकानाच्या कमाईतून भरणार आहे, शेतातनं नाही.

अण्णा अजून अनोळखी नंबर उचलत नाहीत. परवा दूध डेअरीवाल्यानं नवीन सिम घेतलं, त्याचे सहा फोन तसेच वाजून गेले.

रेणापूरची_सून (रविवार, रात्री ९:४०)

वाचून बरं वाटलं दादा. आमची तक्रार दाखल झाली, फोटो काढून टाकले गेले. सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला आधीच माहीत होतं, मला पण दोनदा आला होता."

बँकेत_३१_वर्षं (सोमवार, सकाळी ६:३५)

पहिल्या हप्त्याची स्विफ्टची (परदेशी बँकेला पैसे पाठवल्याची) पावती जपून ठेवा. मेलवर आणि कागदावर, दोन्हीकडं. आणि हप्ता जमा झाल्याचं बँकेकडून दर वेळी लेखी मागा, त्यांनी कंटाळा केला तरी.

काळीमाती (सोमवार, सकाळी ७:१५)

डेअरीवाल्याचा नंबर अण्णांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या आज.

दुधनाकाठचा (सोमवार, सकाळी ७:२०)

केला. "दूध" म्हणून.